आप्पांची झडती

निपाणीत आप्पांच्या घरात दोन चुली आहेत. चुली म्हणजे गॅसच्या शेगड्याच. एक आत स्वयंपाकघरात, आक्कांची; दुसरी पुढच्या सोप्यात खिडकीखाली, आप्पांची. घरात भाऊ आणि थोरली बहीण, दोघंच. दोघांचं वय मिळून दीडशेच्या घरात जातं. आणि गेली सात वर्षं भावानं बहिणीच्या हातचा घास खाल्लेला नाही.

ती दुसरी शेगडी माझ्यामुळे आली. शेगडीचं मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं. पण ज्या खोट्यापायी ती आली, ते माझं खोटं होतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून हे लिहितो आहे. आप्पांचं चित्र काढता काढता माझंही थोडं येईल, त्याला इलाज नाही.

आप्पा म्हणजे बुटके, काटक, डोक्यावर पांढरी टोपी आणि डोळे सतत समोरच्याच्या हाताकडे. तोंडाकडे ते बघतच नसत. नव्या माणसाला ते विचित्र वाटे. त्यांनी उभी हयात एका तंबाखूच्या वखारीच्या फाटकावर काढली होती. संध्याकाळी वखार सुटली की कामगारांची झडती व्हायची. बायकांची झडती घ्यायला बाई होती. पिशव्या, जेवणाचे डबे आणि छत्र्या आप्पांकडे. डब्याच्या तळाशी भाकरीखाली, छत्रीच्या काड्यांत, पायातल्या फडक्यात, कुठून कुठून तंबाखू निघे ते ते रंगवून सांगत.

"तोंडाकडं बघायचं न्हाय, मास्तर," ते मला म्हणत. मी निपाणीच्याच एका हायस्कुलात मराठी शिकवायचो, म्हणून मास्तर. "तोंड सगळ्यांचंच गरीब असतंय. हात बघायचा. ज्याच्याकडं माल असतोय, त्यो पिशवी हलकी धरतोय. मुद्दाम."

निवृत्त झाल्यावर फाटक सुटलं, झडती सुटली नाही. डॉक्टरांनी साखरेसाठी रोज चालायला सांगितलं, तर आप्पांना डॉक्टरांचाच संशय. "फुकट औषध सांगतोय म्हंजे कायतरी हाय ह्यात." तो संशय फेडायला म्हणून ते चालू लागले आणि त्यात त्यांना गोडी लागली. मग आम्ही आणखी काही जण मिळालो. एक सोडला तर सगळे पन्नाशी-साठी ओलांडलेले. दर रविवारी गावामागची टेकडी, मग महिन्यातून एकदा खानापूरकडचं जंगल, मग वर्षातून एकदा लांबचा गड. सात जणांचं टोळकं झालं. पुढारी कोण, हे कुणी ठरवलं नव्हतं. पण निघण्याआधी पिशव्या उघडून बघणारा एकच होता, त्यामुळे पुढारी आपोआप तो झाला.

आप्पांचा कशावरच विश्वास नसे. नकाशा दाखवला तर विचारत, "हे काढनारा तितं चालत गेलता काय?" मोबाइलवर पाऊस नाही असं दिसलं की ते प्लास्टिक जास्त घेत. रेल्वेत चपला बाकाखाली ठेवताना एक माझ्या बाजूला आणि एक स्वतःच्या बाजूला ठेवत. चोर एक चप्पल नेत नाही, हा हिशेब. लोंढा जंक्शनला गाडी थांबली की वडेवाला यायचा. आप्पा त्याला एक वडा फोडून दाखवायला लावत. एकदा तो वडेवाला वैतागून म्हणाला, "अण्णा, बाँब न्हाय, बटाटा हाय त्यात." आप्पांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "बटाटा हाय, पर आजचा हाय काय?" मग पाच घेतले आणि आवडीनं खाल्ले. संशय घेऊन झाला की ते मोकळ्या मनानं खात, हे त्यांचं वैशिष्ट्य होतं.

बेटाची कल्पना माझ्या मेव्हण्याची. बायकोचा धाकटा भाऊ. बेळगावात शहापूरला त्याचं साड्यांचं छोटं दुकान आहे. लांबच्या फेऱ्यांना तो येऊन मिळे. आमच्या टोळक्यात तोच वयानं लहान, पंचेचाळिशीचा. त्यानं मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. अंदमानातलं लांबचं बेट, मोठ्या बंदरापासून बोटीनं अख्खा दिवस लागणारं. किनाऱ्याकिनाऱ्यानं जंगलातून दोन दिवस चालत जायचं आणि शेवटी एक डोंगर चढायचा. आम्ही सगळे हरखलो. आप्पांनी ती चित्रफीत तीनदा बघितली.

"ह्यात मानूस चालतोय ते दिसतंय," ते म्हणाले. "पर त्याचं सामान कोन उचलतंय, ते दावत न्हाय."

पुढचे दोन महिने आप्पांनी फक्त सामानाचा विचार केला. गडावर जाताना काही विसरलं तर पायथ्याच्या गावात मिळतं. बेटावर दुकान नाही, रस्ता नाही, परत फिरायचं म्हटलं तर बोट आपल्या मर्जीनं येत नाही. त्यांनी प्रत्येकाला आठ किलोची मर्यादा घातली आणि वखारीत असायचा तसला हुकाचा काटा कुठून तरी पैदा केला. बूट नवे नकोत, निदान सहा महिने वापरलेले. जाडे मोजे तीन जोड. पिशवीच्या आत खताच्या पोत्यातलं प्लास्टिक, धुऊन वाळवून. वरून पावसाळी कापड घालून उपयोग नाही, पाणी खालून शिरतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार अंगुळ तुकडे, कारण ते बांधायलाही होतात आणि ओल्या लाकडाला पेटवायलाही. बॅटरीतला एक सेल उलटा घालून न्यायचा, म्हणजे पिशवीत बटण दाबलं जाऊन ती आतल्या आत जळत नाही. शिट्टी गळ्यात, पिशवीत नाही. दरीत पडलेल्या माणसाला पिशवी उघडायला सवड नसते. नखं निघायच्या चार दिवस आधी कापायची, आदल्या दिवशी नाही. हे शेवटचं मी हसण्यावारी नेलं आणि बेटावर चालताना अंगठा दुखला तेव्हा पटलं.

"जे न्यायचं इसरलं त्याच्याबिगर मानूस भागवतोय," ते म्हणत. "पर जे न्यायचं न्हवतं ते नेलं, की ते घात करतंय."

न न्यायच्या गोष्टींत पहिली होती तंबाखू.

आता आमचं गाव तंबाखूचं. टोळक्यातले चौघे खाणारे, त्यात मी सगळ्यात जुना. आप्पांच्या या नियमावर आम्ही उसळलो. आप्पांनी शांतपणे कारण सांगितलं, आणि ते मी नीट ऐकलं होतं, हे इथं नोंदवून ठेवतो. ते म्हणाले, "वखारीत नवी बाई आली, की पैले आठ दिस ती वकते. चक्कर येतीया, घाम सुटतोय, वाट्टेल तितं पडती. खाल्लेली नसती तिनं. नुसती ओली तंबाखू अंगाला लागलेली असती. पावसाळ्यात तर लईच. मग हळूहळू अंग सरावतंय. तितं पावसात, पान्यात फिरायचं हाय. कुनाच्या पिशवीत भिजली, कुनाच्या अंगाला लागली, तर मी कुटं डॉक्टर हुडकू?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही मान डोलावली. पण मनात म्हणालो, माझं अख्खं बालपण तंबाखूच्या शेतात गेलं. मला कधी काही झालं नाही. आमच्याकडच्या माणसांची ही खोड आहे. जे आपल्या अंगवळणी पडलंय ते जगाच्या अंगवळणी पडलंय असं आम्ही धरून चालतो.

आणि मला तंबाखू तलफेपुरती नको होती. मला जळवांची भीती होती. खानापूरच्या जंगलात एकदा माझ्या पायाला अकरा जळवा लागल्या होत्या. त्यानंतरच्या फेरीत मी कुणाला न सांगता मोज्यांत तंबाखूची भुकटी भरली, तर एकही चढली नाही. बेटावर जळवा आहेत हे आम्हाला कळलं होतं. आप्पांचा उपाय होता मिठाची पुरचुंडी काठीला बांधायची आणि जळू दिसली की टेकवायची. पावसात मीठ किती टिकणार? मी ठरवून टाकलं.

निघायच्या सकाळी आप्पांच्या सोप्यात जमखाना अंथरला होता. एकेकानं आपली पिशवी त्यावर रिकामी करायची. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका मित्राच्या पिशवीतून हवा भरायची उशी निघाली.

"हे काय?"

"उशी. मान दुखती हो, आप्पा."

"मान हितं ठिवून चला, उशी घेऊन चला. दोन्ही न्हाय मिळनार."

सगळे हसले. माझी पाळी आली. त्यांनी माझी सुपारीची डबीसुद्धा हुंगली. मेव्हण्याचीही पिशवी झाली. तेवढ्यात आतून आक्कांनी हाक मारली, खाऊचे डबे भरून झाले म्हणून. बेटावरच्या चार दिवसांचा सगळ्यांचा कोरडा शिधा आक्का करून देत: कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी, कारळ्याची चटणी, भाजलेलं पीठ. गल्लीतही त्यांच्या चटण्यांचं नाव होतं. लग्नाकार्याला लोक आधी सांगून ठेवत. आप्पा डबे आणायला आत गेले. सोप्यात एकच पिशवी होती जी कुणी उघडत नसे. ती आप्पांची. कुणाचं लक्ष नाही असं पाहून मी सदऱ्याखाली दडवलेली तंबाखूच्या भुकटीची पाव किलोची पिशवी तिच्या बाजूच्या कप्प्यात सरकवली.

आप्पा परत आले. शिध्याची थैली त्यांनी सगळ्यांसमोर बंद केली आणि तिला कुलूप घातलं. किल्ली जानव्याला. पुढे लोकांना हे कुलूप फार आठवलं.

बेटावर उतरल्यावर मी माझा माल त्यांच्या कप्प्यातून परत काढून घेतला. पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हण्याला दोन जळवा लागल्या आणि तो घाबरला. मी त्याला झाडाआड नेऊन दोन मुठी भुकटी दिली, मोज्यांत भरायला. "आप्पांना बोलू नकोस," म्हणालो. तो हसला. "दाजी, तुम्ही लईच की!" त्याला कसलंही व्यसन नाही. सुपारीसुद्धा नाही.

त्या दिवशी आम्ही चार ओढे ओलांडले. गुडघाभर पाणी. दुपारी भाकरी-चटणी खाल्ली आणि चालू लागलो. तासाभरानं तो मागे पडला. बघितलं तर तोंड पांढरं फटक, कपाळावर घामाचे थेंब. एका झाडाला धरून ओकला. "गरगर फिरायलंय, दाजी," म्हणाला. मी त्याचा हात धरायला वळेपर्यंत त्याचा तोल गेला आणि तो दगडांवरून खाली गेला. दीड पुरुष खाली. उजवा पाय नडगीत मोडला.

गळ्यातली शिट्टी त्यानंच वाजवली.

मी त्याच्याजवळ आधी पोचलो. बाकीचे पुढे होते. मला आप्पांचं बोलणं शब्दन्‌शब्द आठवलं. नवी बाई, ओली तंबाखू, घाम, चक्कर. माझ्या पायांतही तेच होतं आणि मला काही झालं नव्हतं. मी काय केलं ते लिहितो. त्याचे बूट काढले, मोजे काढले, त्याचे पाय पाण्यानं खसाखसा धुतले, माझेही धुतले. दोघांचे मोजे आणि उरलेली भुकटी एका ओंडक्याखाली वाळूत पुरली. मग हाका मारल्या. पाय मोडलेल्या माणसाला आधार द्यायच्या आधी मी हे केलं.

आप्पा धावत आले. त्यांनी त्याचा चेहरा बघितला, डोळ्यांची पापणी वर करून बघितली आणि मला विचारलं, "पायाला काय लावलंतं?"

"काय न्हाय."

"मोजं कुटं हाईत?"

"भिजलंतं. टाकलं."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या हातांऐवजी तोंडाकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय दिसलं असेल ते त्यांनीच सांगून ठेवलेलं होतं: सगळ्यांचंच गरीब असतं.

काठ्या आणि चादरीची झोळी करून त्याला किनाऱ्याला आणलं, तिथून कोळ्यांच्या बोटीनं जवळच्या मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात. तिथल्या तरुण डॉक्टरनं हिंदीत विचारलं, उलट्या कशानं झाल्या, काय खाल्लं? मेव्हणा कॉटवरून हळूच मला म्हणाला, "दाजी, मोज्यातलं सांगू काय?"

"त्याचा काय संबंध?" मी म्हणालो. आणि डॉक्टरला सांगितलं, "चटणी खाल्ली होती. कडू लागत होती."

बस. एवढंच वाक्य. आप्पा दारात उभे होते.

ते म्हणाले, "चटणी सगळ्यांनीच खाल्ली की."

"त्यानं जास्त खाल्ली," मी म्हणालो.

त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. संशय एकदा सोडला की त्याला हाकावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत बँकवाल्यांनाही आठवलं की दुपारपासून त्यांचं पोट ढवळतंय. आणखी एकानं घशात जळजळ सांगितली. तिसऱ्यानं थैलीच्या कुलपाचा विषय काढला. "एवढं काय हुतं त्यात, कुलूप घालायला?" परतीच्या बोटीवर आप्पांनी सगळ्यांच्या पिशव्या पुन्हा रिकाम्या करायला लावल्या. कुणी विरोध केला नाही. सगळे त्यांच्याकडे कीव केल्यासारखं बघत होते. त्यांनी शिवणी चाचपल्या, प्लास्टिकच्या घड्या उलगडल्या, माझी डबी परत हुंगली. काही निघालं नाही. मग ते कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "झडती बरोबर हुती." थैलीतला कारळ्याच्या चटणीचा डबा काढून त्यांनी समुद्रात टाकला.

मला वाटलं, आप्पा हरले. ते जिंकत होते, हे मला कळलं नाही. स्वतःच्या झडतीवर त्यांचा इतका भरवसा, की सगळ्या पिशव्या निर्दोष ठरल्यावर उरली ती बहीणच.

टोळकं मोडलं. निपाणीत बातमी आमच्याआधी पोचली होती. मी त्याच आठवड्यात तंबाखू सोडली. लोकांना वाटलं, मेव्हण्याच्या प्रकारानं मास्तर तब्येतीला जपायला लागले. वर्षभरात मी मुलाकडे बेळगावला राहायला आलो. त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं, आप्पांना फोनही केला नाही. त्यांनीही केला नाही.

गेल्या महिन्यात पेन्शनच्या एका कागदासाठी निपाणीला जावं लागलं. काम लवकर झालं. पाय त्या गल्लीकडे वळले. आप्पा सोप्यात शेगडीपुढे बसून एका वाटीएवढ्या पातेल्यात भात ढवळत होते. मला बघून दचकले नाहीत. "या, मास्तर." मग आतल्या दाराकडे न बघता म्हणाले, "मास्तर आल्यात, च्या ठिवा म्हनावं." आतून आक्कांचा आवाज आला, "ठिवलाय म्हनावं." मी एकटाच दोघांच्या मध्ये. म्हणजे दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. मी नसताना कुणामार्फत बोलतात?

चहा घेऊन आक्का आल्या. कप एकच होता. माझ्यासाठी. आप्पांनी आपला स्वतः केला.

शेजारच्या घरात मी खोदून विचारलं. शेजारीण म्हणाली, "तुमची ती सहल झाली, तवापास्नं. चटणीला गिऱ्हाईक बी ऱ्हायलं न्हाय. पर गिऱ्हाईकाचं काय एवढं न्हाय मास्तर. भाऊच खाईना म्हटल्यावर लोकं कशाला खातील?"

बेळगावला परतलो तो घरी न जाता शहापूरला, मेव्हण्याच्या दुकानात. जिना उतरताना तो अजून कठडा धरतो. त्याला सगळं सांगितलं. साडीची घडी घालता घालता तो थांबला नाही.

"मोज्याचं मला ठाऊक हुतं की, दाजी," तो म्हणाला. "मी दवाखान्यात इचारलं. तुम्ही संबंध न्हाय म्हनलासा. तुम्ही मास्तर. मी म्हटलं, न्हाय तर न्हाय. मग मी बी चटणीच म्हनत गेलो." घडी पूर्ण करून त्यानं ती कपाटात ठेवली. "माझ्या पायाचं सोडा. त्या म्हातारीला आधी सांगा जावा."

चार दिवसांनी निपाणीला आप्पांकडे गेलो. सोप्यात बसून, आत ऐकू जाईल अशा आवाजात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं. मी थांबल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असा:

"कुटं ठिवलीतीसा?"

"तुमच्याच पिशवीत. बाजूच्या कप्प्यात."

त्यांची मान हळूहळू खाली गेली. मला वाटलं, आता शिव्या देतील, हाकलतील. ते स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत राहिले.

आक्का दारात येऊन उभ्या होत्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोललासा. चुकलासा. मेव्हण्याचा पाय मोडलाता, भ्यालासा, मला कळतंय. पर ह्याला इचारा. सात वर्सांत ह्यानं मला एकदा तरी म्हटलं काय, तू काय घातलंतंस चटणीत? म्हटलं असतं तर भांडले असते मी. दोन दिसांत मिटलं असतं. ह्यो बोललाच न्हाय. गुमान जाऊन शेगडी आनली."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आनि तुम्ही," त्या माझ्याकडे वळल्या, "हितं येऊन सोप्यात सांगून गेलासा म्हंजे काय झालं? बोललासा तवा गावानं ऐकलं. आता मी काय गल्लीत सांगत फिरू? लिवा. मास्तर हाईसा न्हवं? छापून येऊ द्या. नाव घालू नका माझं. आक्का म्हना, हितं समद्यास्नी कळतंय."

तर हे लिहिलं. छापायला देण्याआधी परवा तिथं जाऊन वाचून दाखवलं. आक्कांना वाचता येत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून त्यांनी सगळं ऐकलं. आप्पा सोप्यात, पाठ करून. एकाच ठिकाणी आक्कांनी थांबवलं. मी "जवसाची चटणी" लिहिलं होतं.

"जवस न्हवतं ते. कारळं हुतं," त्या म्हणाल्या. "कारळं जरा कडसरच असतंय. ते बी लिवा."

ते वर दुरुस्त केलं आहे, आणि इथं पुन्हा लिहितो: कारळं कडसरच असतं. त्या चटणीत दुसरं काहीही नव्हतं.

वाचून झालं. मी कागद गोळा करायला लागलो. सोप्यातून आप्पांचा आवाज आला, "मास्तर, आज भात जरा जास्ती टाका म्हनावं आत."

आक्का जागच्या हलल्या नाहीत. "मास्तर, भायेर म्हनावं, तोंड हाय न्हवं?"

मी कुणालाच काही म्हणालो नाही. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसली.

"आक्का," आप्पा म्हणाले. "माझा भात टाक."

"माझं भांडं एकटीचं हाय," आक्का म्हणाल्या. "मोठं पातेलं माळ्यावर हाय. काढ."

आप्पा उठले. स्टूल ओढत आत नेलं. त्यांचे गुडघे आता चांगले नाहीत. वर चढताना स्टूल डुगडुगत होतं. मी पुढं व्हायला गेलो तर आक्कांनी मला हातानं मागं सारलं, आणि दोन्ही हातांनी स्टूल धरलं.